आहेरात आलेला तारामासा

वास्तुशांतीच्या आहेरावरून एखाद्या बाईने गावातल्या वजनदार माणसाशी उभा दावा मांडला असं सांगितलं, तर ऐकणारा म्हणेल, साडी हलकी निघाली असेल. रतनबाई ठोंबऱ्यांच्या बाबतीत साडीचा काही संबंध नव्हता. त्यांना मिळालेला आहेर जिवंत होता, आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांदेखत तो उपासमारीने मरणार होता. हे त्यांना कळत होतं, त्यांच्या मुलाला कळत होतं, आणि तरी सगळ्यांचं म्हणणं एकच, की गप्प बसा. माणसाचा अपमान लोकांना लांबून दिसतो, जनावराची उपासमार मात्र बोट धरून दाखवावी लागते, याचा रतनबाईंना भयंकर संताप येतो. यायलाच हवा.

ठोंबऱ्यांचं नवं घर पाटसच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे, चहूबाजूंनी ऊस. मुलगा बिरदेव कुरकुंभच्या एका कंपनीत पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर कामाला, सून स्वप्नाली दौंडच्या एका दवाखान्यात. रतनबाई साठी ओलांडलेल्या, काटक, जिभेला धार असलेल्या. त्यांचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. वडील म्हस्कू दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि वैशाखात परत वर यायचे. जाता-येता शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि बदल्यात म्हस्कूला धान्य. पुढे कळप मोडला, भाऊ शेती करू लागले, आणि लग्नानंतर रतनबाईंनी एक मेंढरू पाळलं नाही. पण जनावर दिसलं की ते काय खातं, किती खातं आणि आता त्याचं पोट भरलेलं आहे का, हे बघायची त्यांची खोड गेली नाही.

अशा घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली ती बिरदेवच्या साहेबांमुळे. दामोदरन साहेब चेन्नईचे. बदली होऊन परत निघाले तेव्हा सामानाच्या ट्रकवर टाकी चढवायचा त्यांना धीर होईना. 'तू पाण्यातला माणूस, तूच घेऊन जा,' असं म्हणून त्यांनी ती बिरदेवच्या गळ्यात मारली. दोन फुटांची टाकी, तळाला पांढरी बारीक वाळू, समुद्रातले चार दगड आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात खास मीठ कालवायचं, की झाला समुद्र. ते काम बिरदेवला सहज जमलं. पण त्याच्या ड्युट्या फिरत्या, त्यामुळे टाकीची जबाबदारी आपसूक रतनबाईंकडे आली.

"चांगलं पाणी मीठ घालून नासवायचं, त्यात मासं ठिवायचं, आन् ते बी खायाचं न्हाईत," त्या सुरुवातीला म्हणाल्या. "ह्यो कसला उद्योग?"

पण काही दिवसांतच त्यांची खुर्ची टीव्हीसमोरून टाकीसमोर सरकली. लहानपणी कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत डोकावून त्यांनी असली जनावरं तासन् तास बघितली होती, आणि त्याबद्दल आईचे धपाटेही खाल्ले होते. आता धपाटे घालणारं कोणी नव्हतं.

आणि मग त्यांनी एक घोळ घातला. काचेच्या कडेला वाळूत त्यांना बारीक, गुलाबी, केसाळ किडे वळवळताना दिसले. मेंढरांत वाढलेल्या माणसाला अंगावरचा किडा म्हणजे गोचीड, आणि गोचीड म्हणजे वेचून मारायची गोष्ट, यापुढे विचार करायची गरजच वाटत नाही. लांब चिमटा घेऊन त्या रोज दुपारी बसू लागल्या. एकेक किडा ओढून काढायचा आणि फिनेलच्या वाटीत टाकायचा. शेवटचा किडा गेला तेव्हा त्यांनी स्वप्नालीला बोलावून वाटी कौतुकाने दाखवली होती.

त्यानंतर वाळू बिघडली. वर तपकिरी साय धरली, काचेला लागून काळे डाग आले, झाकण उघडलं की कुजका वास. बिरदेवने वाटीची हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आई, अगं ते किडंच वाळू साफ ठेवत व्हते. माशांचं खाली पडलेलं उष्टं तेच खात व्हते."

"मग आधी सांगायला तुझं तोंड शिवलं व्हतं का?"

स्वतःवरचा राग कुठे ठेवावा हे माणसाला पटकन कळत नाही. रतनबाईंनी तो बिरदेववर काढला, दामोदरन साहेबांवर काढला आणि शेवटी चिमटा उचलून उसात भिरकावला. त्यानंतर त्या बिरदेवला म्हणाल्या, की मारलेत मी, तर आणीन पण मीच.

पुण्यात खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान चालवणारा सत्यजीत नावाचा तरुण बिरदेवच्या ओळखीचा होता. स्वप्नालीने व्हिडिओ कॉल लावून दिला. सत्यजीतला वाटलं, काकू चार रंगीत गोष्टी बघतील आणि एक निवडतील. काकूंनी त्याची उलटतपासणी घेतली.

"ही समुद्रकाकडी बघा. वाळू गिळते आणि स्वच्छ करून मागे टाकते."

"आन् ती मेली तर?"

सत्यजीत जरा अडखळला. "कधीकधी पाण्यात विष सोडते."

"म्हंजी जाता जाता माझे दोन मासे बी नेणार. न्हाई. फुडचं."

पुढचा एक लांबट मासा होता. तो तोंडात वाळू भरायचा आणि कल्ल्यांतून गाळून सोडायचा. दिवसभर त्याचं हेच चालतं, असं सत्यजीत कौतुकाने म्हणाला. रतनबाईंना त्यात कौतुक दिसेना. दिवसभर जो शोधतो तो दिवसभर भुकेला असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि दोन फुटांच्या वाळूत त्याला रोज रोज काय सापडणार, हा प्रश्न. मग शंखात राहणारे खेकडे आले.

"ह्यांना शंख कुठनं गावतो?"

"रिकामा मिळाला तर तो घेतात. नाहीतर गोगलगायीला मारून तिचा घेतात."

"म्हंजी घर बळकवणारे. तसली माणसं आमच्या तालुक्यात बक्कळ हायत, टाकीत आनखी कशाला?"

शेवटी सत्यजीतने आपला हुकमी एक्का काढला. पाच हातांचा, वाळूच्याच रंगाचा तारामासा. "हा सगळ्यात भारी, काकू. वाळूत शिरतो आणि आतला एकेक बारीक जीव वेचून खातो. महिन्याभरात वाळू चकाचक."

"आन् महिन्यानंतर?"

"म्हणजे?"

"वाळू चकाचक झाल्यावर तो काय खातो?"

सत्यजीत हसला. "एवढं कोणी विचारत नाही हो. मोठ्या टाकीत निभावतो तो. छोट्या टाकीत सहा-आठ महिने छान राहतो, मग हळूहळू हात झडायला लागतात. लोक मग दुसरा घेतात."

शेजारी फोन धरून उभी असलेली स्वप्नाली सांगते, की सासूबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला तेव्हाच तिने ओळखलं, आता सत्यजीतची धडगत नाही.

"रान संपलं की कळप फुडं न्यायचा असतो," रतनबाई म्हणाल्या. "ह्याला काचंतनं कुठं नेणार? उपाशी मरणार ठाऊक असून इकतोस, तुला घास कसा गोड लागतो रं?"

सत्यजीतचं श्रेय एवढंच, की त्याने फोन ठेवला नाही. तो म्हणाला, की तुमच्या टाकीला खरं तर वाळूत राहणाऱ्या बारीक गोगलगायी पुरतात. उरलंसुरलं खातात, त्यातल्या काही वाळूवरची सायही खरवडतात. आणि दुकानातल्या जुन्या टाकीतली मूठभर जिवंत वाळूही देतो, तिच्यात तुम्ही मारलेत तसले किडे असतात. हे शेवटचं वाक्य रतनबाईंनी ऐकून घेतलं.

सोलापूरकडे निघालेल्या बसच्या ड्रायव्हरकडे सत्यजीतने थर्माकोलचा डबा दिला. पाटसच्या फाट्यावर तो उतरवून घ्यायला रतनबाई स्वतः गेल्या आणि डबा उन्हाने तापलाय का हे बघून आधी ड्रायव्हरवर ओरडल्या, मग त्याला चहा पाजला. गोगलगायी वाळूत शिरल्या त्या दिवसभर दिसल्याच नाहीत. पण पाण्यात खाण्याचा बारीक तुकडा पडला, आणि वाळू जागोजागी उसळून त्या सगळ्या सोंडा वर करून बाहेर आल्या. म्हस्कूची हाळी ऐकून कोकरं अशीच उठायची. रतनबाई एकट्याच मोठ्याने हसल्या. हळूहळू वास गेला, काळे डाग फिकट झाले. तपकिरी साय मात्र अजून थोडी होती, तिला वेळ लागणार होता, आणि रतनबाईंना घाई नव्हती.

घाई हौसराव आप्पांना होती. हौसराव आप्पा पंच्याहत्तरीच्या पुढचे, पिढीजात बागायतदार. सोसायटीच्या निवडणुकीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत त्यांच्या शब्दाशिवाय आसपास पान हलत नाही. ठोंबऱ्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट त्यांच्या बांधावरून जाते. कागदावर काही नाही. बिरदेवने जागा घेतली तेव्हा आप्पा 'जावा की, कोण अडवतंय' असं म्हणाले, तेवढ्या तोंडी बोलीवर सिमेंटही त्याच बांधावरून आलं आणि विटाही. वास्तुशांतीचं बोलावणं करायला गेलेला बिरदेव त्यांना घर दाखवायला घेऊन आला तेव्हा आप्पांनी टाकीत वाकून बघितलं.

"वाळू मळकी दिसती की गं, रतन."

"निवळंल, आप्पा. जित्या वाळूला टाईम लागतो."

आप्पांनी मान हलवली. ऐकलं नव्हतं. ज्याचं आयुष्यभर लोकांनीच ऐकलं, त्याला उलट ऐकायची सवय कुठून असणार?

पत्रिकेवर ठळक छापलं होतं, कृपया आहेर आणू नयेत. तसं सगळेच छापतात आणि सगळेच आणतात. वास्तुशांतीच्या दिवशी जेवणाच्या पंगती उठत होत्या आणि माइकवरून आहेरांची नावं पुकारली जात होती. मधेच आप्पांचा नातू पृथ्वीराज पुढे आला. पुण्यात शिकतो, बोलायला चटपटीत. त्याने माइक हातात घेतला.

"आता हौसराव आप्पांतर्फे ठोंबरे परिवाराला एकदम खास आहेर! आपल्या भागात पहिल्यांदाच! वाळू साफ करणारा तारामासा!"

टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, आणि पाण्याने फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला सोनेरी फीत बांधून तारामासा आला. तळहाताएवढा. पुण्यातल्या कुठल्याशा दुसऱ्या दुकानातून पृथ्वीराजने आणलेला. कुणी पिशवी वर धरून सेल्फी काढला, कुणी पोराला दाखवायला बोट लावून बघितलं. रतनबाईंचा पदर घट्ट झाला, पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच बिरदेवने त्यांचं मनगट दाबलं. सगळं गाव बघत होतं. आप्पा समोर उभे राहून प्रसन्न हसत होते. पृथ्वीराजने पिशवी फोडली आणि नव्या पाण्याची सवय होऊ न देता, व्हिडिओ चालू ठेवून, तारामासा धाडकन टाकीत ओतला.

"घ्या," आप्पा म्हणाले. "आता बघा वाळू कशी व्हती."

वाळू झाली की. दुधासारखी पांढरी झाली. आल्या-गेल्याने तोंडभरून कौतुक केलं. आप्पांची निवड म्हणजे निवड, असं चारचौघांत बोललं गेलं. रतनबाईंना मात्र त्या पांढऱ्या वाळूकडे बघवत नव्हतं. सत्यजीतने दिलेली मूठभर जिवंत वाळू तारामाशाने पार निर्जीव करून टाकली होती. किडे गेले. मग गोगलगायी जाऊ लागल्या. एके सकाळी त्यांना पहिला रिकामा शंख सापडला, आतून स्वच्छ पुसल्यासारखा, आणि मग रोजच सापडू लागले. तारामाशाचा यात काय दोष? भुकेला जीव समोर येईल ते खाणारच. त्याला तिथे आणून टाकणाऱ्यांचा दोष होता, आणि ते सगळे आपापल्या घरी पोटभर जेवत होते.

गोगलगायी संपल्यावर तारामासा वाळूत शिरेनासा झाला. काचेवर चढायचा, कोपऱ्यात जायचा, परत फिरायचा. रतनबाई कोळंबीचा बारीक तुकडा काडीने त्याच्या पोटाखाली सरकवायच्या. कधी तो घ्यायचा, बहुतेक वेळा मासे पळवायचे. मग त्याच्या एका हाताचं टोक बारीक होऊन पांढरट पडलेलं त्यांना दिसलं.

त्यांनी सत्यजीतला फोन लावला. आधीच्या शिव्या विसरून तो म्हणाला, दुकानात माझी स्वतःची जुनी मोठी टाकी आहे, भरपूर वाळूची, तिथे ठेवतो, विकणार नाही. म्हणजे जागा होती, नेणारी बस होती. अडचण माणसांची होती.

"आहेर परत करायचा?" बिरदेव म्हणाला. "आप्पांचा? आई, आपली वाट त्यांच्या बांधावरनं हाय."

"वाट हाय म्हणून ह्याला मारायचं?"

स्वप्नालीने मधला मार्ग सुचवला. गुपचूप पुण्याला पाठवू आणि मेला असं सांगू. मरतातच म्हणे ते. यावर तर रतनबाई जास्तच भडकल्या. चोरी केल्यासारखं लपून का पाठवायचं? आणि मेला म्हणून सांगितलं, तर पृथ्वीराज दुसऱ्याच दिवशी नवा आणून ओतेल आणि वर पुन्हा व्हिडिओ काढेल. ज्याने चूक केली त्याला ती चूक आहे हे कळायला नको? सगळ्यांनी आप्पांना आयुष्यभर असंच सांभाळून घेतलं, म्हणून तर आप्पा असे झाले.

बिरदेवचा आवाज चढला. "एका जनावरासाठी तू घरादाराची वाट बंद करणार?"

हे त्याने बोलायला नको होतं. तेव्हा रतनबाईंनी त्याला जे सांगितलं, ते त्याआधी घरात कधी सांगितलं नव्हतं.

त्या बारा-तेरा वर्षांच्या असतील. वाडा कोकणातून वर आला होता आणि म्हस्कूने याच शिवारात, हौसरावांच्या रानात मेंढरं बसवली होती. हौसराव तेव्हा तरणेबांड, नुकताच कारभार हातात आलेला. ठरलेल्या रात्री झाल्या. आजूबाजूची रानं पेरून झाली होती, दिवसा चारायला बांधावर काडी उरली नव्हती, कळप पुढे न्यायलाच हवा होता. पण हौसरावांना आणखी खत हवं होतं. 'आनखी थोड्या रात्री बसीव,' म्हणाले, आणि झालेल्या रात्रींचं धान्य अडवून धरलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मालक, म्हस्कूला भीड मोडवेना. मेंढ्यांच्या कासा आटल्या. कोकरं आधी ओरडायची, मग ओरडायची थांबली. रतन रोज सकाळी उठून बघायची, आज कुठलं उठत नाही.

"माझा बाप गप्प बसला," रतनबाई म्हणाल्या. "लई चांगला माणूस म्हणून गाव त्याला नावाजायचं. कोकरांना इचारा म्हणावं, चांगला का वंगाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाकणाच्या बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं, तारामासा हलकेच त्यात सोडला आणि बांधावरून चालत आप्पांचं घर गाठलं. ओसरीवर पाच-सहा माणसं चहा घेत बसली होती. पृथ्वीराज सुट्टीला आलेला, मोबाइलमध्ये डोकं घालून पायरीवर. रतनबाईंनी बादली आप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि झाकण काढलं.

"आप्पा, शाल ठेवून घेतली, नारळ खाल्ला. ह्यो आहेर मला न्हाई पोसवत."

आप्पांना आधी कळेना. कळलं तेव्हा कप खाली ठेवला. "आहेर परत करतीस? चार माणसांत, माझ्या तोंडावर?"

"तुमच्या तोंडाशी माझं काय बी न्हाई. ह्याच्या पोटाशी हाय. माझ्या टाकीतलं खाणं संपलं. ह्याचा हात झडायला लागलाय, बघा वाकून."

"शोभेचं जनावर त्ये. त्याला काय कळतंय?"

"भूक कळती. मेंढरांना बी कळत व्हती."

"कुठली मेंढरं?"

रतनबाईंनी सांगितलं. साल, रान, म्हस्कूचं नाव, अडवलेलं धान्य, सगळं. त्यांना वाटलं होतं आप्पा चिडतील, नाकबूल होतील. आप्पांनी खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. आणि मग मान हलवली. त्यांना काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. किती कळप येऊन बसले असतील, त्यातला हा एक. रतनबाई पन्नास वर्षं जे उराशी धरून होत्या, ते त्या माणसाच्या लेखी घडलंच नव्हतं.

"मला ठावं हाय," आतून आवाज आला.

आप्पांच्या बायको, कस्तुराबाई, उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या ओसरीवर माणसं असताना कधी बोलत नाहीत. पृथ्वीराजनेसुद्धा मोबाइल खाली केला.

"लग्नाला वरीस झालं न्हवतं माझ्या," कस्तुराबाई आप्पांकडे न बघता म्हणाल्या. "पाटीत घालून कोकरं मीच उचलली. तुमीच बोलला, खड्ड्यात टाक, त्यांचं बी खत व्हईल."

बसलेल्या माणसांनी कपांत बघितलं. कस्तुराबाई ओसरीवर आल्या, बादलीत वाकून बघितलं आणि झाकण नीट लावलं.

"पृथ्वी, गाडी काढ. रतन सांगंल तिथं पोचवून ये. आन् व्हिडिओ काढू नगंस."

आप्पा उठून आत गेले. बादली त्याच दिवशी पुण्याला पोचली. संध्याकाळी सत्यजीतने फोनवर मोठ्या टाकीत तारामासा वाळूत शिरताना दाखवला तेव्हा रतनबाईंनी हुं एवढंच केलं. हात परत फुटेल का, असं विचारलं. फुटायचा असेल तर फुटेल, असं तो म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात बांधावर बाभळीच्या काट्या पडल्या. आडव्या, वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आप्पांनी कोणाला काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. स्वप्नाली चप्पल हातात घेऊन उसातून रस्त्याला लागायची. बिरदेव मोटरसायकल कालव्याच्या भरावावरून ढकलत न्यायचा आणि चिखलाने माखून ड्युटीवर पोचायचा. गावातले लोक येऊन हळहळले. आप्पांकडे जाऊन एक शब्द टाक, पाया पड, म्हातारा माणूस आहे, विरघळेल, असे सल्ले मिळाले. काट्या टाकणाऱ्याला जाऊन काट्या उचल असं सांगायला मात्र त्यातला एकही गेला नाही. बिरदेव आईशी बोलेनासा झाला. रतनबाईंना ते लागलं, फार लागलं. पण माघार घ्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि तसं त्यांनी त्याच्या जेवणाच्या ताटासमोर बसून स्पष्ट सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी बिरदेव अंघोळ करून टाकीसमोर उभा राहिला. वाळूवर पुन्हा पातळ तपकिरी साय धरू लागली होती. सत्यजीतने पृथ्वीराजबरोबर नव्याने पाठवलेली मूठभर जिवंत वाळू एका कोपऱ्यात पसरलेली होती आणि तिच्यात एक बारीक गुलाबी किडा वळवळत होता. बिरदेव बराच वेळ बघत राहिला.

"चप्पल घाल," तो आईला म्हणाला. "दौंडला जायचंय. तहसीलला."

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात. त्यातल्या एकाने कागद पुढे ओढला. वहिवाटीची वाट अडवली, मोकळी करून मिळावी, असा नेहमीचा मजकूर त्याने भराभर लिहिला. मग विचारलं, "वादाचं कारण?"

"किरकोळ हाय," बिरदेव म्हणाला. "शेजाऱ्यांतला गैरसमज..."

"किरकोळ न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "आन् गैरसमज तर मुळीच न्हाई."

मग त्यांनी कारण सांगितलं. टाकी, आहेर, तारामासा. लिहिणारा आधी नीट ऐकत होता, मग त्याच्या मिशीत हसू आलं, आणि शेजारी बसलेल्यालाही त्याने कोपराने खुणावलं. "मावशी, माशासाठी तहसीलदार? साहेब हाकलून देतील मला. भावकीचा जुना वाद असं टाकतो, लगेच चालेल."

रतनबाई काही बोलणार, तोच बिरदेवने कागदावर हात ठेवला.

"हसू नका," तो म्हणाला. "आई सांगती तसंच लिहा."

लिहिणाऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग रतनबाईंकडे, आणि पेन उचललं.

"लिही," रतनबाई म्हणाल्या. "त्यांनी दिलेलं जनावर माझ्या घरी उपाशी मरत व्हतं. म्हणून मी परत केलं. म्हणून त्यांनी माझी वाट अडवली."

तो लिहू लागला, आणि ओळ पूर्ण होईपर्यंत रतनबाई त्याच्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.